पावशेर चटणी

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्या गल्लीत,
रात्री अडीचला नाहीतर पहाटे चारला, त्याच्या मर्जीनं.
तोवर घागरी रांगेत
आणि घागरींमागं आम्ही, पायरीवर.
मांडीत सूप, सुपात कातरलेली पानं.
बोटं विड्या वळत असतात,
तोंडं स्वयंपाक करत असतात.

शांतव्वा म्हणते, पिठाची विरी गेली की
आधणाचं पाणी घाल, आणि मळताना
नणंदेचं लग्न आठव.
कडक भाकरी अशी थापायची
की परातीवर कोरलेलं सासूचं नाव
हाताला लागलं पाहिजे.
मग तव्यावरून काढून चुलीच्या अंगाला उभी करायची,
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखी.

मीठ किती? तर अंदाजानं.
गूळ? विडीच्या अर्ध्या बंडलाएवढा.
आणि शिजायला किती वेळ?
शमीमआपा म्हणतात, शंभर विड्या होईपर्यंत.
माझा हात सावकाश,
माझी डाळ कायम करपते.

अंबाडीवरून एकदा भांडण झालं.
मी बार्शीची, मी अंबाडी म्हणते.
शांतव्वाची पुंडीपल्ले, राजव्वाचं पुंटीकूर,
आपा म्हणाल्या, नाव काही घ्या, आधी उकळून पाणी फेका.
फेका?
पाचव्या दिवशीचं पाणी?
त्या पाण्यात भाकरीचं पीठ मळावं का, यावर
दोन पक्ष पडले आणि नळ सुटला.

शेंगाचटणी मात्र राजव्वाची.
तिनं सांगितलेली मी लिहून घेतली होती
विड्यांच्या हिशोबाच्या वहीत, शेवटच्या पानावर,
छाट किती निघाली त्याच्या खाली:
शेंगदाणे मंद भाजायचे, सालं फुंकायची,
लसूण सालासकट, जिरं, तिखट, मीठ,
उखळात घाल आणि कूट.
मिक्सर नको. मिक्सर घाई करतो.
सात वर्षं कुटली.
कधी भुगा झाला, कधी गोळा.
चटणी नाही झाली.
मला वाटायचं, एक जिन्नस लपवतेय म्हातारी.

मग गेल्या संक्रांतीला, गड्ड्याच्या गर्दीत,
बाळाला बांगड्या घ्यायला वळले तर
चटणीच्या दुकानात राजव्वा.
दुकानदारानं विचारलंही नाही,
पावशेर तोलून पुडी बांधली,
रोजचं गिऱ्हाईक असावं तशी.
तिनं मला पाहिलं.
डाव्या हातानं पैसे दिले.
उजवा तसाच, पदराखाली.

हजार विड्यांना बोटं लागतात,
खांदा लागत नाही.
उखळाला लागतो.
हे मला घरी येऊन, भांडी घासताना कळलं.

पुढच्या पाण्याच्या रात्री
बोद्धूलांची नवी सून विचारत होती,
अक्का, तुमची चटणी कशी करायची, सांगा की.
राजव्वा क्षणभर माझ्याकडं बघत राहिली.
पानावरची जर्दा सांडली थोडी.
मग सुरू झाली, मंद भाजायचे, सालं फुंकायची,
तिखट, मीठ, उखळात घाल आणि कूट.

मी म्हटलं, अक्का,
तेल सुटेपर्यंत कुटायचं, ते सांगायचं राहिलं.
ती म्हणाली, हां, ते राहिलं.
ते तू सांग तिला.

त्या आठवड्यात मी कुटली.
दुपारभर, दोन दमात,
मधे थांबून, हाताला तेल लागेपर्यंत.
झाकणाच्या डब्यात घालून
पोरासोबत तिच्याकडं पाठवली, निरोप काही नाही.

डबा संध्याकाळी परत आला.
रिकामा कसा येईल, आत पुंटीकूर होतं,
वर तेल तरंगत असलेलं.
पोरगं म्हणालं, अक्कांनी सांगितलंय,
मीठ जरा कमी पडलंय.
बाकी दुकानासारखी झालीय.